‘त्या काकू अंघोळ करत नाहीत का?’ साडेचार वर्षांच्या लेकीला काय सांगू?

या वेळचं पत्र अटलांटाजवळच्या एका आईचं आहे, थोडं छोटं करून देतेय.

“ताई, मुलगी साडेचार वर्षांची, प्री-के ला जाते. मागच्या आठवड्यात ग्रोसरी स्टोअरमध्ये बिलाच्या लाईनीत उभ्या होतो आणि ती कॅशियर बाईंकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, ‘आई, त्या काकू एवढ्या काळ्या का? अंघोळ करत नाहीत का?’ आणि इंग्लिशमध्ये म्हणाली गं, सगळ्यांना कळेल असं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दामटून गप्प केलं, गाडीत बसल्यावर ओरडले. आता शाळेतून मेल आलाय की फेब्रुवारीत ब्लॅक हिस्ट्री मंथ आहे, प्रत्येक फॅमिलीने वर्गात काहीतरी छोटंसं शेअर करा. नवरा म्हणतो हा आपला इतिहास नाही, आपण कशाला मध्ये पडायचं. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात एवढ्याशा पोरीला गुलामगिरी-बिलामगिरी कशाला सांगताय. मला खरंच कळत नाहीये की सांगायचं का, सांगायचं तर किती, आणि सुरुवात कुठून. – गोंधळलेली आई”

अगं, आधी श्वास घे. तुझी मुलगी वाईट नाहीये आणि रेसिस्ट तर अजिबात नाहीये, तिने दोन आणि दोन चार केलेत एवढंच. हात तपकिरी दिसले की माती लागलीय, साबणाने घासलं की जाते, हे तूच तिला शिकवलंयस ना? आणि त्यावर घरात ‘उन्हात खेळू नको काळी पडशील’ हे पण रोज कानावर पडत असणार, तू लिहिलं नाहीस पण आपल्या घरांमध्ये ते नसेल तर मला नवल वाटेल. मग तिने तो प्रश्न विचारला त्यात तिचं लॉजिक कुठे चुकलं सांग बरं?

लोकांना वाटतं की मुलांना रंग दिसत नाही, आपण बोललो की मगच दिसायला लागतो. असं नसतं. तीन महिन्यांचं बाळ सुद्धा आजूबाजूला जसे चेहरे रोज दिसतात तसल्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत राहतं, हे संशोधकांनी तपासून झालंय. आणि 1940 च्या सुमाराला केनेथ आणि मेमी क्लार्क या नवराबायकोने तीन ते सात वर्षांच्या ब्लॅक मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या, सगळ्या एकसारख्या, फरक फक्त रंगाचा, आणि विचारलं की यातली छान कुठली, वाईट कुठली, तर बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली छान आणि काळी बाहुली वाईट असं दाखवलं. स्वतः ब्लॅक असलेल्या मुलांनी! शाळांमधली गोऱ्या-काळ्यांची फारकत बेकायदा ठरवणारा 1954 चा जो सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन, त्यात हे काम पुढे ठेवलं गेलं होतं. तर सासूबाईंचा ‘एवढ्या लहान वयात कशाला’ हा प्रश्न मला पटत नाही, कारण त्या वयात मुलं ऑलरेडी शिकत असतात, फक्त आपण गप्प असतो म्हणून जे हाताला लागेल त्यावरून शिकतात.

तू ओरडलीस त्यातून तिला काय कळलं असेल माहितीये? की काळा रंग ही इतकी भयंकर गोष्ट आहे की आई तिचं नाव पण काढू देत नाही. ते आता दुरुस्त करता येईल, काही बिघडलं नाहीये, चार वर्षांची मुलं दुसरा चान्स फार सहज देतात. आज-उद्यात अंघोळ घालताना वगैरे सहज विषय काढ. ‘तू त्या दिवशी विचारलंस ना की काकूंचा रंग असा का? चांगला प्रश्न होता, आई घाबरली म्हणून ओरडली. सगळ्यांच्या कातडीत मेलॅनिन नावाची एक गोष्ट असते, ती उन्हापासून आपल्याला सांभाळते, कुणात जास्त असते, कुणात कमी. त्या काकूंमध्ये खूप आहे, तुझ्यात मध्यम, तुझ्या शाळेतल्या त्या सोनेरी केसवाल्या मुलात थोडंसं. अंघोळीने ते जात नाही, आणि जायला पण नको.’ बस. एवढंच. मेलॅनिन हा शब्द मुलांना जाम आवडतो, डायनासोरची एवढी मोठाली नावं पाठ असतात त्यांना, हे काय अवघड आहे.

पुढच्या वेळी परत दुकानात असं झालं, आणि होणारच, तर ओढून नेऊ नकोस. तिथेच शांतपणे एक वाक्य बोल, समोरच्या बाईंनी ऐकलं असेल तर त्यांच्याकडे बघून सॉरी म्हण आणि लाईन पुढे सरकव. त्या बिचाऱ्या ड्युटीवर आहेत, त्यांना तिथे उभं करून ‘बघ काकू किती सुंदर आहेत की नाही’ असला प्रकार तर मुळीच नको, तुझ्या पोरीच्या शिकवणीसाठी अनोळखी माणसाला वापरायचं नसतं.

आता घरातलं. फेब्रुवारीत भिंतीवर पोस्टर लावणं सोपं असतं गं, घरातलं रंगांबद्दलचं बोलणं बदलणं अवघड, पण मुलीच्या डोक्यात जे बसतं ते हे दुसरंच. साय-हळद लावायची तर लाव, कातडी मऊ राहते, पण ‘गोरी होशील’ हे सोबत जोडू नका. नवीन बाळ झालं की फोनवर पहिला प्रश्न ‘कोणावर गेलंय’ आणि दुसरा ‘रंग कसाय’, ते ती ऐकत असते. आणि पॉटलकमध्ये काही काका लोक ब्लॅक माणसांसाठी जो शब्द हसत हसत वापरतात, तो मी इथे लिहीत पण नाही, तो कोणी मुलांसमोर काढला तर तिथल्या तिथे ‘आमच्या घरी हे चालत नाही’ म्हणायची तयारी ठेव, वातावरण दोन मिनिटं खराब होईल, होऊ दे.

अजून एक, थोडं टोचेल. तिच्या मागच्या वाढदिवसाला कोण कोण आलं होतं ते आठव. आपल्या लोकांचं असं होतं की शाळेत पंधरा प्रकारची मुलं आणि घरी बोलावताना सगळी देसी, त्यातही निम्मी मराठी शाळेतली. मुलं हे बघतात. तुम्ही अटलांटात राहता, जिथे ब्लॅक डॉक्टर, ब्लॅक डेंटिस्ट, ब्लॅक महापौर ही रोजची गोष्ट आहे, तर तिच्यासाठी ब्लॅक माणूस म्हणजे फक्त बिलाच्या काउंटरवरच्या काकू असं राहू नये. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला शनिवारी खेळायला बोलाव, तिच्या आईशी गप्पा मार, फेब्रुवारी संपल्यावर पण. आणि हो, मैत्रिणीच्या वेण्यांमध्ये मणी असतील, सुंदर दिसतात, तुझी लेक हात लावायला धावेल, तर आधीच सांगून ठेव की दुसऱ्याच्या केसांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि ती नाही म्हणाली तर नाही.

खेळण्यांमध्ये एक तरी ब्राऊन, एक तरी काळी बाहुली असू दे, पण गाजावाजा करून देऊ नको. खडूंचं पण तेच. क्रेयोलाच्या खोक्यात एका फिक्या गुलाबी खडूचं नाव 1962 पर्यंत चक्क ‘फ्लेश’ होतं, म्हणजे अंगाचा रंग, जणू अंग फक्त तेवढ्याच रंगाचं असतं! मग ते नाव बदलून ‘पीच’ केलं. 2020 मध्ये त्यांनी कातडीच्या 24 छटांचा वेगळा बॉक्स काढला, तो आण आणि सगळे मिळून बसा, आपापला रंग शोधा, आजीचा हात, बाबांचा हात, मुलं यात तासभर रमतात. इथे एक गोष्ट मात्र सांगते. आपण घरात गुळासारखी, गव्हाळ असं सहज म्हणतो, घरच्यांपुरतं ठीक आहे, पण वर्गातल्या मुलाला ‘चॉकलेट’ म्हणू नये हे तिला शिकव, बऱ्याच ब्लॅक आईवडिलांना ते अजिबात आवडत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे.

आता इतिहास. तुझा मोठा गोंधळ इथे आहे, सुरुवात कुठून. माझं मत अगदी ठाम आहे, सुरुवात गुलामगिरीपासून करायची नाही. लपवायचं म्हणून नाही, तर ब्लॅक माणसांबद्दल मुलाच्या मनात बसणारी पहिली गोष्ट म्हणजे साखळदंड आणि रडणारी माणसं असं व्हायला नको म्हणून. आधी माणसं भेटू देत. कामं करणारी, हुशार, मजेशीर माणसं. 1992 साली एंडेव्हर यानातून अंतराळात गेलेल्या मे जेमिसन, ज्या डॉक्टर पण होत्या. विमान उडवायला अमेरिकेत कोणी शिकवेना म्हणून फ्रेंच शिकून फ्रान्सला गेलेल्या आणि 1921 मध्ये लायसन्स घेऊन आलेल्या बेसी कोलमन. लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट लाव आणि नाचा घरात, त्यावर काही समजावून सांगायची गरजच नाही.

लायब्ररीत गेलीस की पुस्तकांच्या कव्हरवर कोरेटा स्कॉट किंग पुरस्काराचा गोल शिक्का शोध, हा पुरस्कार ब्लॅक लेखक-चित्रकारांना बालसाहित्यासाठी देतात, त्यामुळे निवड करताना डोकं कमी खपतं. पण त्यातली सगळीच पुस्तकं चार वर्षांच्या मुलांची नसतात, आधी स्वतः चाळून बघ. निम्मी तरी अशी उचल ज्यात इतिहास वगैरे काही नाही, नुसतं एक ब्लॅक मूल आहे आणि त्याचा दात पडलाय नाहीतर आजी त्याचे केस विंचरतेय. ही पुस्तकं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात खरं तर.

मग अन्यायाची गोष्ट. ती पण सांगायची, आणि त्यासाठी रुबी ब्रिजेस. रुबी सहा वर्षांची होती. 14 नोव्हेंबर 1960 ला न्यू ऑर्लिन्समधल्या विल्यम फ्रान्झ शाळेत ती पहिल्यांदा गेली, तोपर्यंत तिथे फक्त गोरी मुलं होती. बाहेर मोठी माणसं ओरडत होती की ही इथे नको, म्हणून चार मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस, तिच्या मागेपुढे चालत होते. बाकीच्या पालकांनी मुलं काढून नेली, आणि एक सोडून दुसरी कुठलीच टीचर तिला शिकवायला तयार झाली नाही. त्या एकीचं नाव बार्बरा हेन्री. वर्षभर त्या वर्गात दोघीच, एक टीचर आणि एक रुबी. हे एवढं ऐकल्यावर तुझी लेक विचारेल की मग ती खेळायची कोणाशी? तिथे थांब. तिला काय वाटतं ते विचार. चार वर्षांच्या मुलांना कायदा कळत नाही, पण रडीचा डाव बरोब्बर कळतो, मला घेत नाहीत खेळायला हे दुःख त्यांना रोजचं आहे. आणि मग सांग की रुबी रोज गेली शाळेत, आणि आता ती आजीच्या वयाची बाई आहे आणि मुलांना स्वतःची गोष्ट सांगते. सासूबाई साठी-सत्तरीच्या असतील ना? त्यांनाही कळू दे की हे काही फार जुनं पुराण नाहीये.

रोझा पार्क्सची गोष्ट शाळेत सांगतीलच, ती बऱ्याचदा थकलेल्या म्हाताऱ्या बाईची गोष्ट करून टाकतात, पाय दुखत होते म्हणून गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडली नाही वगैरे. त्या तेव्हा 42 वर्षांच्या होत्या, ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत कित्येक वर्षं काम केलेल्या, आणि नंतर मॉन्टगोमेरीची माणसं 381 दिवस बसमध्ये चढली नाहीत, चालत गेली. लेकीला सांगायचं तर ते चालणं सांग. एकट्या शूर बाईपेक्षा सगळे मिळून चालले हे मुलांना जास्त भावतं.

गुलामगिरीबद्दल तिने स्वतःहून विचारलं किंवा शाळेतून ऐकून आली तर दोन-चार वाक्यात खरं सांग. ‘खूप पूर्वी काही लोकांनी आफ्रिकेतल्या माणसांना जबरदस्तीने पकडून इथे आणलं, पैसे न देता काम करायला लावलं, मुलांना आईबाबांपासून तोडलं. ते फार वाईट होतं. खूप लोकांनी लढून ते बंद पाडलं.’ फटके, फाशी, जहाजाचं तळघर हे काही नको, ते मोठेपणी. ‘मला पण कोणी नेईल का’ हे ती विचारेल रात्री झोपताना, तर ‘नाही, आता कायद्याने कोणालाच तसं करता येत नाही’ हे लगेच सांग. फक्त ‘आता सगळं छान झालंय’ असं म्हणू नको, कारण नाहीये, आणि दोन-तीन वर्षांत तिलाच ते दिसेल.

आणि एक कळकळीची विनंती, फॅन्सी ड्रेस नको! आपल्याकडे बालवाडीपासून मुलांना टिळक, जिजाऊ, झाशीची राणी करायची सवय, त्यामुळे मार्टिन ल्यूथर किंग करूया म्हणून कोणीतरी उत्साहात तोंडाला ब्राऊन रंग लावेल. अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंड काळं करून ब्लॅक माणसांची टिंगल करायची हे शंभरेक वर्षं स्टेजवर चाललेलं आहे, तुमच्या मनात काही नसलं तरी समोरच्याला तेच आठवतं. मुलांना गुलाम आणि मालक करून नाटुकली बसवणं पण नको, असं कोणी शाळेत सुचवलं तर सरळ टीचरशी बोल.

आता नवरोबा. ‘आपला इतिहास नाही’ म्हणतात ना, त्यांना विचार की तुमचा व्हिसा कुठून आला. 1946 च्या कायद्यानंतर भारताचा कोटा होता वर्षाला 100 माणसांचा. शंभर! कुठल्या देशाचे आहात ते बघून कोणाला जास्त, कोणाला कमी जागा द्यायची ही पद्धत 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने मोडली, आणि तो कायदा सिव्हिल राईट्सच्या, म्हणजे नागरी हक्कांच्या लढ्यानेच शक्य झाला, ब्लॅक माणसं रस्त्यावर उतरली, मार खाल्ला, तुरुंगात गेली तेव्हा. आपण त्या दारातून आत आलोय. आणि महाराष्ट्राचं म्हणाल तर जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अर्पण कोणाला केलं? अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या सदाचारी लोकांना. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. पुण्यामुंबईच्या माणसांना तेव्हा कळत होतं की आपला संबंध आहे, आणि यांना अटलांटात राहून कळत नाही म्हणजे कमाल आहे.

सासूबाईंशी मात्र वाद नको घालू, त्यांना कामाला लाव. त्यांना सांग की ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही मूळच्या आफ्रिकेच्या, तिथल्या शेतकऱ्यांनी रानगवतातून पिकं केली आणि हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे पोचली. म्हणजे साताऱ्याची भाकरी आफ्रिकेची देणगी आहे! आजीने परातीत भाकरी थापता थापता हे नातीला सांगितलं तर तुझ्या दहा पुस्तकांचं काम होईल. मलिक अंबर पण त्यांना ठाऊक असेल, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाकणारा, खडकी वसवणारा, जे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि जमिनीखालून नहरीने गावाला पाणी आणणारा. नातीला पाण्याची गोष्ट सांगायला सांग, लढाया राहू देत.

वर्गात काय न्यायचं? तिथे भाकरी-मलिक अंबर नको, तो महिना अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांचा आहे, आपण त्यात आपली दिवाळी घुसवायची नाही. कार्टर वुडसन या इतिहासकाराने, ज्याचे आईवडील स्वतः गुलाम होते, 1926 मध्ये एक आठवडा सुरू केला, त्याचा 1976 मध्ये महिना झाला, हे तुझ्या माहितीसाठी. मुलांसाठी शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची गोष्ट घेऊन जा. गुलामगिरीत जन्मलेले, झाडांचं इतकं वेड की लहानपणी शेजारी त्यांना झाडांचा डॉक्टर म्हणायचे, कोटाला रोज फूल लावायचे, आणि तुमच्या शेजारच्या अलाबामात टस्कीगीला त्यांनी आयुष्यभर शिकवलं. कापसाने जमीन दमली तेव्हा शेतकऱ्यांना सांगितलं की शेंगदाणे लावा, रताळी लावा, चवळी लावा. पीनट बटर त्यांनी शोधलं असं सगळीकडे लिहितात, ते खरं नाही, ते सांगू नको. आणि शेंगदाणे वर्गात अजिबात नेऊ नको, ॲलर्जी असते मुलांना, शाळा दारातूनच परत पाठवेल. चवळी ने. चवळी आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर इथे आली, तुमच्या जॉर्जियात अजूनही एक जानेवारीला नशीब चांगलं जावं म्हणून खातात, आणि कार्व्हरनी तिच्यावर शेतकऱ्यांसाठी पत्रकं पण काढली होती. प्रत्येक मुलाला एक कागदी कप, ओला कापूस आणि तीन-चार दाणे, खिडकीत ठेवायचे, चार-पाच दिवसात मोड दिसतात आणि मुलं रोज कप बघायला धावतात. तू फक्त झाडांच्या डॉक्टरची गोष्ट सांगायची, पाच मिनिटं, त्याच्यावर एक मिनिट नको.

टीचरला आजच मेल टाक, कडधान्याची ॲलर्जी कोणाला आहे का ते विचारून घे. आणि इंडियन स्टोअरमधून चवळी आणताना अख्खी बघून आण, डाळीला मोड येत नाहीत, आणि जुना माल असेल तर अख्खीला पण येत नाहीत, म्हणून आठवडाभर आधी घरी मूठभर भिजत घालून बघ.